‘सल्क’ला बंगालीत ‘अभिमान’ म्हणतात, हे खरं आहे का?

तुमची बंगाली सहकारी म्हणते की ‘सल्क करणं’ म्हणजे ‘अभिमान करणं’, आणि तुम्हाला प्रश्न पडलाय की अभिमान म्हणजे तर ‘प्राइड’. सहकारी बरोबर सांगतेय, पण अर्धंच. इंग्रजी ‘सल्क’ म्हणजे तोंड फुगवून गप्प बसणं, आणि हा शब्द वापरला की दोष रुसणाऱ्याच्या पदरात पडतो. ‘डोन्ट सल्क’ म्हणजे पोरकटपणा बंद कर. नुसत्या फुगलेल्या तोंडाला बंगालीत ‘मुख भार कोरे थाका’ किंवा ‘गोमडा मुख’ म्हणतात. ‘ओभिमान’ (अभिमानाचा बंगाली उच्चार) ही त्याच्या आतली गोष्ट. आपल्याच माणसाने आपल्याला गृहीत धरलं म्हणून मनाला लागलंय, ते मी बोलून दाखवणार नाही, त्याने ओळखायचं. रिक्षावाल्याचा राग येतो (राग हा शब्द बंगालीतही हाच आणि ह्याच अर्थाचा). रिक्षावाल्यावर ओभिमान कुणी करत नाही, त्याला हक्काचं माणूस लागतं.

हे मी इतक्या तावातावाने लिहितेय, कारण माझ्या सासरच्या एका बाईला ह्या शब्दापायी माझ्या माहेरी ‘गर्विष्ठ’ ठरवलंय.

माझं सासर कृष्णनगरचं. नवऱ्याचं निम्मं लहानपण बहरमपूरला पिशीकडे, म्हणजे आत्याकडे गेलं. आमच्या लग्नात धावपळ झाली आणि तिच्याकडे पत्रिका एका चुलतभावाच्या हाती गेली. आपल्याकडे अक्षत द्यायला स्वतः जातात, तिकडेही जवळच्यांना घरी जाऊनच सांगायचं असतं. पिशी बौभाताला, म्हणजे लग्नानंतर सासरी होणाऱ्या जेवणाला आली. साडी आणली, धान-दूर्वा डोक्यावर ठेवून मला आशीर्वाद दिला, सगळं रीतसर केलं. जेवली मात्र नाही. पोट बरं नाही म्हणाली.

पंगती उठल्यावर ती मागच्या ओसरीवर पाठ करून बसली होती, अडकित्त्याने सुपारी कातरत. नवरा शेजारी जाऊन बसला. ‘पिशी, राग कोरेछो?’ ‘राग केनो कोरबो? आमि के?’ मी कशाला रागावू, मी कोण लागते? हे ‘आमि के?’ आलं की बंगाली माणूस समजतो, दुखणं खोल आहे. त्याने अडकित्ता तिच्या हातातून काढून घेतला आणि बसून राहिला. मग तिने अर्धा तास त्याला झोडपलं. पत्रिकेपासून सुरुवात होऊन गाडी कॉलेजात असताना न लिहिलेल्या पत्रांपर्यंत गेली. तो खाली मान घालून ऐकत होता, आणि शेवटी तिने स्वतःच विचारलं, भात उरलाय का.

माझा दादा दारातच उभा होता. कुणीतरी त्याला कौतुकाने सांगितलं, ‘पिशीर ओभिमान होयेछे.’ त्याने तेवढाच शब्द उचलला. नाशिकला गेल्यावर घरभर सांगितलं, त्या बाईला केवढा अभिमान, भरल्या घरात जेवायला नाही म्हणाली. दर भाऊबीजेला हा विषय निघतोच. मी समजावलं तर म्हणतो, मग आपली विहीण रुसते तेच ना हे? तेच नाही. विहीण रुसते ती मानपानासाठी, आणि मान मिळाला की ती उठते. पिशीला तुम्ही शंभर साड्या दिल्या असत्या तरी ती उठली नसती. तिला तो पोरगा शेजारी येऊन बसायला हवा होता. ‘रुसवा’ हा आपला शब्द जवळचा आहे, पण तो आपण लहान मुलांना आणि जावयांना देऊन टाकलाय. सत्तरीच्या बाईला मनाला लावून घ्यायचा हक्क आहे, हे आपल्याला पटतच नाही.

‘प्राइड’ला बंगालीत गर्व आहे, अहंकार आहे. मनात साठून राहिलेल्या नाराजीला क्षोभ (उच्चार खोभ). आणि जपून, ‘आक्रोश’ तिकडे रडणं नसून डूख धरणं आहे, ‘आदर’ म्हणजे लाड, आणि ‘हिंसे’ म्हणजे मत्सर. संस्कृत शब्द ओळखीचा दिसला की मराठी माणूस अर्थ विचारायचा थांबतो, तिथेच सगळा घोळ होतो.

एक राहिलं. लिखित बंगालीत अभिमानाला गर्वाचा अर्थही आहे, ‘आत्माभिमान’सारख्या शब्दांत तोच असतो. त्यामुळे पुस्तकात संदर्भ बघा. पण घरात कुणी ‘तोर ओपोर ओभिमान होयेछे’ (तुझ्यावर ओभिमान आलाय) म्हणालं तर दुसरा अर्थ शोधू नका.

आणि ती सहकारी तुमच्याबद्दल बोलताना हा शब्द वापरत असेल, तर मेसेजवर ‘सॉरी’ पाठवू नका. जेवणाच्या सुट्टीत जाऊन तिच्याशेजारी बसा आणि ती जे सुनावेल ते मध्ये न बोलता ऐकून घ्या. दादा, तू हे वाचत असशील तर पिशी अजून बहरमपूरलाच आहे, आणि तुला चांगली ओळखते.