सकाळी पेट्रोल गाडी उशिरा स्टार्ट होते, बॅटरी बदलू का?

आधी कान द्या: सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जड फिरतोय की जोरात फिरूनही इंजिन पकडत नाही?

जड फिरत असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे फुल चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. फुल चार्ज असूनही सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर संशय बॅटरीवरच. तरी नवी घेण्याआधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवा (काळी वायर आधी काढा) आणि अर्थिंगचा बोल्ट (काळी वायर गाडीच्या बॉडीला जिथे जोडलेली असते तो) घासून आवळा. पुष्कळदा दोष तिथेच निघतो.

सेल्फ जोरात फिरत असेल तर बॅटरीवर पैसे घालू नका. चावी ऑन, दोन सेकंद थांबा, ऑफ. असं दोनदा करून सेल्फ मारा. लगेच पकडली तर पेट्रोलचं प्रेशर रात्रीत उतरतंय: पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) किंवा गळका इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) तपासून घ्या.