अ‍ॅनिमेशन सोडून नेटवर्किंग करू का?

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नेटवर्किंग आवडतं, पण मोकळा वेळ मिळाला की व्हिडिओ आणि अ‍ॅनिमेशनच करत बसते. बाबा म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. प्रोजेक्ट नेटवर्क सिम्युलेशनवर घ्यायचाय. अ‍ॅनिमेशन सोडू का?

उत्तर : सोडू नकोस. बाबांची काळजी रास्त आहे, पण नेटवर्क डोळ्यांना दिसत नाही आणि ते दाखवता येणारी माणसं फार थोडी असतात. डिझाइन, प्रशिक्षण, मॉनिटरिंगचे डॅशबोर्ड, सगळीकडे अशी माणसं लागतात.

पॅकेट ट्रेसर, म्हणजे संगणकावर खोटं नेटवर्क उभारून शिकायचं सॉफ्टवेअर, तू वापरलंच असशील. सिम्युलेशन मोडमध्ये पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, एकेक करून सरकतात, क्लिक केलं की प्रत्येक लेयरवर (नेटवर्कच्या कामाच्या थरावर) काय झालं ते कळतं. शिकायला उत्तम. फसगतही तिथेच होते. चित्रातलं पाकीट निवांत चालतं; प्रत्यक्षात राउटरच्या तोंडाशी रांग लागते आणि बहुतेक दुखणं त्या रांगेत असतं. म्हणून प्ले दाबण्याआधी, पुढे काय होईल ते वहीत लिहून ठेव.

प्रोजेक्टसाठी मिनिनेट घे. ते एकाच संगणकात अख्खं नेटवर्क उभं करतं. त्यात होस्ट (नेटवर्कला जोडलेले संगणक) आभासी असले तरी प्रोग्रॅम खरे चालतात, त्यामुळे खरा आवाज पाठवता येतो. जी.७११ या कोडेकचा (आवाजाचे आकडे करणाऱ्या पद्धतीचा) आवाज ६४ किलोबिट प्रतिसेकंद. २० मिलिसेकंदांचं एक पाकीट धरलं तर १६० बाइट आवाज आणि ४० बाइट हेडर (पाकिटावरचा पत्ता वगैरे मजकूर), म्हणजे आयपीच्या पातळीवर एका कॉलला ८० किलोबिट प्रतिसेकंद. २५६ किलोबिटच्या लिंकवर तीन कॉल मावतात. चौथा सुरू कर आणि ऐक: साध्या रांगेत, जिथे आधी येईल तो आधी जातो, फक्त चौथाच नाही, चारही कॉल तुटायला लागतात! इथे बरेच जण आवाजाला प्राधान्य देऊन बघतात. शेजारी फाइल डाउनलोड होत असेल तर त्याने फरक पडतो. पण सगळाच आवाज असेल तर प्राधान्य कोणापुढे देणार? तेव्हा चौथा कॉल नाकारावाच लागतो. हे एकदा कानांनी ऐकलंस की विसरणार नाहीस.

आता तुझं अ‍ॅनिमेशन. आवाजाच्या रेकॉर्डिंगसोबत रांगेची लांबी हलत्या आलेखात दाखव. आलेख मात्र नोंदवलेल्या आकड्यांवरूनच काढ. दिसायला बरा नसला तरी हाताने सुधारू नकोस.

शेकडो नोड्सचा (नेटवर्कमधल्या संगणक-राउटरांचा) अभ्यास करायचा झाला तर पुढे एनएस-३ हा सिम्युलेटर शिक. त्यासाठी सी++ पक्की हवी.

तीन कॉलचं आणि चार कॉलचं रेकॉर्डिंग तयार झालं की आधी बाबांना ऐकव.