तंत्रज्ञाची चूक आणि कंपनीची जबाबदारी

प्रश्न : पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा फिल्टर बदलण्यासाठी कंपनीने पाठवलेल्या तंत्रज्ञाने नळीचा जोड नीट बसवला नाही. रात्रभर पाणी वाहून आमची लाकडी कपाटे फुगली आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचे छत खराब झाले. भरपाई ते आमच्याकडे मागत आहेत. त्याच भेटीत त्याने वर्षभराच्या देखभालीचे पैसे सवलतीत म्हणून स्वतःच्या खात्यावर घेतले, त्याची नोंद कंपनीकडे नाही. कंपनी म्हणते, की तो कंत्राटी आहे, जोड तपासण्याची आमची लेखी सूचना त्याने मोडली आणि पैशांशी आमचा संबंध नाही. त्या गरीब माणसावर दावा लावावा असे आम्हाला वाटत नाही. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन स्वतंत्र गाऱ्हाणी आहेत आणि ती वेगळी ठेवूनच पुढे जावे, कारण पहिल्यात आपली बाजू भक्कम आहे, दुसऱ्यात तशी नाही.

नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या चुकीची भरपाई मालकाने द्यावी, मग मालकाचा स्वतःचा काहीही दोष नसो, हे तत्त्व जुने आहे. सूचना मोडल्याचा कंपनीचा बचावही तितकाच जुना आहे. 1862 सालच्या लिम्पस खटल्यात लंडनच्या एका बस कंपनीने, दुसऱ्या बसगाड्यांना अडवू नये असे छापील कार्ड चालकांना दिले होते. तरीही एका चालकाने प्रतिस्पर्धी बस अडवताना तिचे नुकसान केले आणि भरपाई कंपनीलाच द्यावी लागली. बस चालवणे हेच त्याचे काम होते, ते त्याने चुकीच्या रीतीने केले, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे आलेल्या तंत्रज्ञाला जोड बसवण्यासाठीच पाठवले होते. तो कसा बसवावा याबद्दलची सूचना हा कंपनी आणि तिचा माणूस यांच्यातला मामला आहे. त्या कागदाने आपला हक्क बुडत नाही.

‘कंत्राटी’ या शब्दाने मात्र दचकू नये, पण त्याकडे दुर्लक्षही करू नये. स्वतंत्र कंत्राटदाराच्या चुकीसाठी काम देणारा सहसा जबाबदार नसतो, हे खरे आहे. परंतु न्यायालय करारावरचे नाव पाहून थांबत नाही. 1973 च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस प्रकरणात कापड शिवणाऱ्यांना नगावर मजुरी मिळत असे आणि ते दुसरीकडेही काम करू शकत. तरीही यंत्रे दुकानाची आणि बिघडलेले काम परत करण्याचा अधिकार दुकानाचा, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच मानले. ते प्रकरण कामगार कायद्याचे होते, पण कसोटी इथेही उपयोगी पडते. म्हणून तंत्रज्ञाची वेळ कोणी ठरवली, गणवेश व सुटे भाग कोणाचे होते, बिल कोणाच्या नावाने निघाले, याचा प्रत्येक पुरावा जपून ठेवावा. त्या भेटीचा संदेश आणि सेवेची पावती मी सर्वांत आधी पाहीन. शिवाय सेवेचा करार आपण कंपनीशी केला आहे. ते काम तिने कोणाकडून करून घेतले, यामुळे सदोष सेवेची तिची जबाबदारी टळत नाही.

शेजाऱ्यांचा दावाही खरे तर कंपनीवर आहे. आपण काम जाणत्या कंपनीकडे सोपवले होते आणि ते कसे करावे यावर आपला ताबा नव्हता, त्यामुळे कंत्राटदाराबद्दलचा जो नियम कंपनी पुढे करते आहे, तो इथे आपल्याच बाजूने उभा राहतो. पाणी वाहताना दिसूनही आपण मुख्य नळ बंद केला नसेल, तर मात्र गोष्ट निराळी. तसे असल्यास मला आधी सांगावे.

आता पैशांकडे येतो. 1978 च्या स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी या खटल्यात बँकेच्या एका कर्मचाऱ्याकडे, तो घरोब्याचा म्हणून, खात्यात भरण्यासाठी पैसे दिले गेले आणि त्याने ते हडप केले. ते बँकेच्या कामाच्या ओघात दिले नव्हते, म्हणून बँक सुटली. याउलट 1912 च्या लॉइड खटल्यात वकिलांच्या कार्यालयातील कारकुनाने एका विधवा अशिलाची मालमत्ता स्वतःच्या नावावर करून घेतली, तेव्हा कार्यालयाला कवडीचाही लाभ झालेला नसताना त्यालाच जबाबदार धरले गेले, कारण अशा व्यवहारांसाठी कार्यालयानेच त्याला पुढे बसवले होते. आपले प्रकरण यांपैकी कोणाच्या जवळ जाते, हे एकाच गोष्टीवर ठरेल : देखभालीची वर्गणी गोळा करणारा माणूस म्हणून कंपनीने त्याला आपल्यापुढे उभे केले होते का? कंपनीचे पावतीपुस्तक त्याच्याकडे असेल, किंवा पूर्वी याच रीतीने दिलेले पैसे कंपनीने मान्य केले असतील, तर दावा जरूर करावा. वैयक्तिक खाते आणि ‘सवलत’ एवढेच असेल, तर वसुली त्याच्याकडूनच करावी लागेल.

त्याच्यावर दावा न लावण्याची आपली इच्छा मला रास्त वाटते आणि पाण्याच्या नुकसानीपुरती ती पाळताही येते. दोघेही संपूर्ण रकमेला जबाबदार असल्याने एकट्या कंपनीविरुद्ध जाण्याचा आपल्याला अधिकार आहे. मात्र कंपनी नंतर त्याच्याकडून वसुली करू पाहील, ते आपल्या हातात नाही. ओल वाळण्यापूर्वीची छायाचित्रे, सुताराचा लेखी अंदाज आणि काढलेला जोड यांसह कंपनीला पोहोच मिळेल अशी नोटीस पाठवावी. उत्तर न आल्यास ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ती कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत करावी लागते आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती मुदत थांबत नाही.