सुई माळ्यावर गेली, तरी त्या झोपेत उठत होत्या

“मॅडम, मी परत वाकळ शिवायला घेतली, तर परत झोपेत उठीन का?”

कराडकडच्या एका गावातून आलेल्या त्या ताईंनी बसल्या बसल्या हाच प्रश्न विचारला. वय अठ्ठेचाळीस. सोबत यजमान होते, आणि पिशवीत ताईंच्या आईची दोन जुनी लुगडी. आई वर्षापूर्वी गेली होती. धाकट्या मुलीला सातवा महिना लागला होता आणि या लुगड्यांचं बाळासाठी काहीतरी शिवावं असं त्यांच्या मनात होतं. पण नऊ वर्षांत त्यांनी सुई हातात धरली नव्हती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांनी हे लिहायला परवानगी दिली आहे.)

नऊ वर्षांपूर्वी सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. रात्री दोन-दोन तासांनी त्यांना कूस बदलून द्यायची आणि दिवसा थोरल्या मुलीच्या लग्नासाठी गोधड्या शिवायच्या, असं चाललं होतं. मिळालेल्या वेळातही झोप येईना, म्हणून शेजारणीकडची झोपेची गोळी त्या घेऊ लागल्या. एका रात्री साडेबाराच्या सुमारास यजमान उठले, तर ही बाहेरच्या खोलीत, अंधारात, मांडीवर गोधडी घेऊन बसलेली. हात टाके घातल्यासारखा चाललेला, डोळे उघडे. त्यांनी घाबरून तिला गदागदा हलवलं. त्या झटापटीत सुई यजमानांच्या तळहातात शिरली.

दुसऱ्या दिवशी सुया, दोऱ्याची रिळं, अर्धी राहिलेली वाकळ, सगळं ट्रंकेत घालून माळ्यावर गेलं. कुणी उतारा टाकायला सांगितला, कुणी देवऋषी गाठला. त्या स्वतः मात्र एवढंच धरून बसल्या, की आपल्या हातात काहीतरी वाईट आहे. तेव्हापासून रोज रात्री पदराचं टोक खाटेच्या पायाला बांधून झोपायच्या. हे सांगताना त्यांनी मान खाली घातली होती. यजमान म्हणाले, “हे मला आज कळतंय, मॅडम.” नऊ वर्षं एका खोलीत झोपून.

मी सुईबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की त्या रात्रीनंतर झोपेत कधी उठलात का.

“पाच-सहा वेळा.”

कधी कधी, ते दोघांनी मिळून आठवायला सुरुवात केली. एकदा नवरात्रात, दोन रात्री जागर झाल्यावर. एकदा थोरलीच्या बाळंतपणात, दवाखान्यातून घरी आल्याच्या रात्री. एकदा तापात. बोलता बोलता यजमानच थांबले. सुई तर घरात नव्हती. प्रत्येक वेळी आधीच्या रात्रींची झोप मात्र मोडलेली होती.

झोपेत चालणं हे गाढ झोपेतून अर्धवट जागं होणं असतं. मेंदूचा हालचालींचा भाग जागा होतो, भान आणि आठवण ठेवणारा भाग झोपलेलाच राहतो. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, म्हणून हे प्रकार बहुतेकदा झोप लागल्यावर एक ते तीन तासांत घडतात. झोप अपुरी पडली, की शरीर पुढची झोप जास्त गाढ घेतं, आणि अशा झोपेतून नीट जागं होणं अवघड जातं. त्यात ताप, ताण, दारू किंवा काही औषधांची भर पडते. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांनी माणसं झोपेत उठून कामं करतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये अशा गोळ्यांच्या माहितीपत्रकात सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. या ताईंनी कोणती गोळी घेतली होती, हे कळायला आता मार्ग नव्हता. पण दुसऱ्याच्या पाकिटातली झोपेची गोळी कुणीही घेऊ नये, हे मी प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा सांगते.

हात ओळखीचं काम करत राहतात, हेही खरं. कुणी भांडी मांडतं, कुणी दाराची कडी काढतं. त्या दिवसांत या ताईंचे हात दिवसभर टाके घालत होते, म्हणून रात्रीही टाके घालायला बसले. यात बाहेरचं काही नाही, आणि ही वेड लागण्याची सुरुवातही नाही. लहानपणी त्या झोपेतून उठून गोठ्यात जाऊन बसायच्या, त्यांचा भाऊही उठायचा. हे घराण्यात असतं. मुलांमध्ये तर बरंच आढळतं आणि मोठेपणी बहुतेकांचं थांबतं.

तरीही मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. मोठ्या वयात असं होत असेल तर तपासणी टाळू नये. रात्रीची फिट, घोरताना श्वास अडकणं, किंवा पहाटेच्या सुमारास स्वप्नातल्यासारखे हातपाय झाडणं, हे वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे. यांच्या तपासणीत तसं काही निघालं नाही. औषध लागलं नाही.

मग घरातल्या गोष्टी. पदर बांधणं त्याच रात्रीपासून बंद, कारण अर्धवट झोपेत माणूस त्यात अडकून पडतो. बाहेरून कडी लावायची नाही, आग लागली तर काय कराल? झोपायची खोली खालच्या मजल्यावर, आणि दाराला घुंगरू. यजमानांना सांगितलं, की झोपेत चालणाऱ्याला जागं केलं तर तो मरतो, हे खोटं आहे. पण हलवायचंही नाही, तो गोंधळून हात उगारतो. हळू आवाजात बोलायचं, कोपराला धरून अंथरुणाकडे वळवायचं.

सुयांच्या बाबतीत चूक माझी झाली. मी म्हटलं, डबा यजमानांकडे राहू दे. त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे माझ्यावर भरवसा नाहीच.” त्यांचं बरोबर होतं. ज्या संशयातून त्यांना बाहेर काढायचं, तोच मी परत त्यांच्या हातात देत होते. मग ठरलं ते त्यांनीच ठरवलं. शिवण फक्त दुपारी, दिवेलागणीला सुया मोजून डबा स्वतः कपाटात ठेवायचा आणि कुलूप लावायचं. शिवायच्या तासांसोबत झोपेचे तासही वहीत लिहायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी अंगणात लुगडं अंथरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि दुपारभर नुसत्या सुरकुत्या काढत बसल्या. दुसऱ्या दिवशी काठाकडून धावदोरा घ्यायला लागल्या. टाके गव्हाएवढे पडले. आईचे तांदळाएवढे असायचे, असं म्हणून त्यांनी सगळी ओळ उसवली. दोरा ओवायला चष्मा लागला. तिसऱ्या आठवड्यात जाऊबाई दुसऱ्या कडेला येऊन बसली. ताई मला फोनवर म्हणाल्या, “आईचा वास हाय अजून लुगड्याला.” आई गेल्यावर त्या पहिल्यांदा रडल्या त्या या लुगड्यावर. माझ्याकडे तीन वेळा येऊन जे मोकळं झालं नव्हतं, ते तिथं झालं. गोधडीने झोपेत चालणं बरं होतं, असं मी म्हणणार नाही. तिचं काम वेगळं होतं, आणि ते तिनं केलं.

दीड महिन्याने भाच्याच्या लग्नाहून परतल्याच्या रात्री घुंगरू वाजलं. यजमान उठले, “चल, अजून रात्र आहे,” एवढंच म्हणाले, कोपराला धरून वळवलं. त्या येऊन झोपल्या. सकाळी यजमानांनी सांगितलं आणि ताईंचा मला फोन आला. आवाज कापत होता. आता पुन्हा ट्रंक काढावी लागणार, असं त्यांनी धरलंच होतं.

मी म्हटलं, ताई, वही उघडा.

त्यांनी मोठ्याने वाचलं. गुरुवारी झोप तीन तास. शुक्रवारी चार. चार दिवस शिवण नाही. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “लग्नात झोपलोच न्हाई की आम्ही.” त्या दुपारी त्या दोन तास झोपल्या आणि पाचला सुया मोजल्या. चारच्या चार.

आता दुपट्याचा मधला चौकोन तेवढा राहिलाय. तिथं त्यांना आईच्या लुगड्याचा काठ लावायचाय, आणि मुलगी म्हणते, बाळाला टोचेल.