झाडपाल्याचे औषध आणि दुखणी : वाचकांचे प्रश्न

दुखण्यावर वनौषधींचा उपाय विचारणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येतात. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय 64 आहे. गुडघ्यांच्या झिजेमुळे जिना चढणे अवघड झाले आहे. वेदनाशामक गोळ्यांनी पोटात जळजळ होते, म्हणून मुलीने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. हळद नैसर्गिक असल्यामुळे या कॅप्सूल कायम घेतल्या तरी चालतील ना?

उत्तर : हळद आणि हळदीच्या अर्काची कॅप्सूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हा घटक साधारण 3 टक्के असतो, म्हणजे 3 ग्रॅम पुडीतून तो जेमतेम 90 मिलिग्रॅम मिळतो. त्यातीलही फार थोडा भाग रक्तापर्यंत पोहोचतो, कारण आतडी तो नीट शोषून घेत नाहीत आणि जो शोषला जातो त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावते. कॅप्सूलमध्ये मात्र याच्या कितीतरी पट कर्क्युमिन भरलेले असते आणि अनेक उत्पादनांत त्याच्या जोडीला काळ्या मिरीतील पायपरिनही घातलेले असते. पायपरिन यकृताच्या या कामात अडथळा आणते. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पायपरिनमुळे रक्तातील कर्क्युमिनचे प्रमाण सुमारे 20 पटींनी वाढल्याचे दिसले होते. जाहिरातीत हा आकडा मोठ्या अभिमानाने छापतात. पण जो अडथळा कर्क्युमिनला रक्तात टिकवून ठेवतो, तोच आपण घेत असलेल्या इतर औषधांची पातळीही वाढवू शकतो, हे तेथे कोणी सांगत नाही.

गुडघ्याच्या झिजेवर हळदीच्या अर्काचा काहीच उपयोग नाही, असे मी म्हणणार नाही. अनेक चाचण्यांत प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, वेदना कमी झाल्या आहेत, काहींमध्ये तर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांच्या बरोबरीने. या चाचण्या बहुतांशी लहान आणि काही आठवड्यांच्याच होत्या, त्यामुळे ‘कायम’ घेण्याला त्यांचा आधार मिळत नाही. शोषण वाढवलेल्या कॅप्सूल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वेगवेगळ्या देशांत झाली आहे. म्हणून सहा ते आठ आठवडे घेऊन पाहाव्यात आणि जिना चढण्यात स्वतःला जाणवेल असा फरक पडला नाही तर सोडून द्याव्यात. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे किंवा अन्नावरची वासना जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी कॅप्सूल बंद करून डॉक्टरांना दाखवावे. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ होण्याचे औषध चालू असेल, तर त्या मुळीच सुरू करू नयेत.

आपल्या तक्रारीत मी पोटातून घेण्याच्या औषधाआधी वरून लावण्याच्या औषधाचा विचार केला असता. मिरचीतील कॅप्सायसिनचे सौम्य मलम औषधविक्रेत्याकडे मिळते आणि गुडघ्यासारख्या त्वचेजवळच्या सांध्यावर ते उपयोगी पडते. कॅप्सायसिन चेतातंतूंच्या टोकांवरील ज्या ग्राहकाला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला, म्हणजे रिसेप्टरला) चेतवते, तो उष्णता आणि जळजळ ओळखणारा ग्राहक आहे. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्यूलियस यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा ग्राहक पुन्हा पुन्हा चेतवला गेला की ते चेतातंतू मंदावतात आणि वेदनेचा निरोप कमी पोहोचवतात. म्हणूनच हे मलम दिवसातून तीन-चार वेळा, न चुकता, निदान दोन ते चार आठवडे लावावे लागते. दुखले की एकदा चोपडले, असे करून त्याचा गुण येत नाही. वाटाण्याएवढे मलम घेऊन ते पूर्ण जिरेपर्यंत चोळावे आणि हात साबणाने नीट धुवावेत. हे राहून गेले आणि तासाभराने डोळ्याला बोट लागले, तर काय होते ते सांगायला नको. पहिला आठवडा जळजळ होते, ती पुढे कमी होत जाते. फुटलेल्या त्वचेवर ते लावू नये आणि लावल्यावर त्या जागी शेक घेऊ नये.

मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि शक्य तेवढे वजन कमी करणे, यांची जागा मात्र कोणतीही वनस्पती घेऊ शकत नाही.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना संधिवात आहे. ओळखीतल्या एका गृहस्थांकडून मिळणाऱ्या पुड्यांनी त्यांचे दुखणे तीन दिवसांत थांबले. ‘शुद्ध जडीबुटी’ एवढेच त्यांनी सांगितले आहे. पुड्या सुरू करून सहा महिने झाले. आता त्यांचा चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पोट सुटले आहे आणि रक्तातील साखर वाढली आहे. पुडी दोन दिवस चुकली की ते अंथरुणाला खिळतात. पुड्या बंद करून टाकाव्यात का?

उत्तर : पुड्या अचानक बंद करू नका. त्यांना एक-दोन दिवसांत, उरलेल्या पुड्यांसह, डॉक्टरांकडे घेऊन जा.

आपण केलेल्या वर्णनावरून त्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असण्याची दाट शंका येते. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या औषधांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडे आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके आढळल्याच्या तक्रारी जगभर नोंदल्या गेल्या आहेत. गोल झालेला चेहरा, पोटावर साठलेली चरबी आणि चढलेली साखर ही लक्षणे एकत्र आली की कोणत्याही अनुभवी डॉक्टरांना प्रथम स्टेरॉईडच आठवते. दुसरा पुरावा त्या ‘तीन दिवसां’चा आहे. दाहामुळे होणाऱ्या संधिवातावर कोणतीही वनस्पती इतक्या झटपट, इतका पूर्ण आराम देत नाही. आराम जितका वेगवान, तितका पुडीबद्दलचा संशय वाढला पाहिजे. आपल्याकडे मात्र नेमके उलटे होते आणि पुडी देणाऱ्याची कीर्ती वाढते.

अचानक बंद करू नका असे म्हणण्याचे कारण असे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. बाहेरून स्टेरॉईड मिळू लागले की या ग्रंथी आपले काम थांबवतात आणि काही महिन्यांनी इतक्या सुस्तावतात की गरज पडली तरी लगेच कामाला लागत नाहीत. अशा वेळी पुडी एकदम थांबली, तर रक्तदाब उतरणे, उलट्या, कमालीचा अशक्तपणा आणि क्वचित शुद्ध हरपणे असे जिवावर बेतणारे परिणाम होऊ शकतात. डॉक्टर आवश्यक तर ठाऊक असलेल्या मात्रेत स्टेरॉईड सुरू करून ते आठवड्या-आठवड्याने उतरवत नेतील, रक्तदाब, साखर, हाडे आणि डोळे तपासतील, आणि मूळ संधिवातावर योग्य उपचार सुरू करतील. तोपर्यंत उलट्या, चक्कर किंवा गुंगी जाणवली, तर भेटीच्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि ‘सहा महिने स्टेरॉईड असण्याची शक्यता असलेली पुडी चालू होती’ हे वाक्य तेथे पहिल्यांदा सांगा. सासऱ्यांना दोष देऊ नये. दुखणे थांबले म्हणून त्यांनी पुडी घेतली. तिच्यात काय आहे, हे सांगण्याची जबाबदारी देणाऱ्याची होती.

पुडीत जड धातू असण्याचीही शक्यता असल्याने डॉक्टरांना शिशाच्या तपासणीबद्दल विचारावे. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी 2008 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. पोटात कळा, बद्धकोष्ठ आणि उतरलेले हिमोग्लोबिन ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे एरवी सहज दुर्लक्षिली जातात. ज्या औषधावर घटकांची यादी, उत्पादकाचे नाव, परवान्याचा आणि बॅचचा क्रमांक व वापराची अंतिम मुदत छापलेली नाही, ते औषध वनस्पतीचे असो वा नसो, पोटात घेऊ नये.

प्रश्न : दाढदुखीवर लवंगेचे तेल किती दिवस लावता येते?

उत्तर : दंतवैद्यांची वेळ मिळेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस. लवंगेतील युजेनॉल जागा खरोखरच बधिर करते आणि दंतवैद्यही ते तात्पुरत्या भरणात वापरतात. मात्र निव्वळ तेल हिरडीवर पुन्हा पुन्हा लावल्यास हिरडी भाजते. कापसाच्या लहानशा बोळ्यावर एखादा थेंब घेऊन तो फक्त किडलेल्या खळग्यापाशी धरावा. हे तेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ते गिळल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते. गालावर सूज आणि ताप असेल, तर प्रश्न वेदनेचा न राहता संसर्गाचा होतो आणि लवंग तेथे काहीही करत नाही.

प्रश्न : दहा महिन्यांच्या नातवाला सर्दी झाली की मी त्याच्या नाकाखाली कापूर आणि पुदिन्याचा अर्क असलेले मलम लावते व मधाचे बोट चाटवते. सूनबाईंना ते आवडत नाही. आपले मत काय?

उत्तर : सूनबाईंचे बरोबर आहे. मेन्थॉल किंवा कापूर तान्ह्या मुलाच्या नाकाजवळ लावल्यास त्याचा श्वास अडखळू शकतो, म्हणून दोन वर्षांखालील मुलांना अशी मलमे लावू नयेत. कापूर तोंडात गेल्यास तर अगदी थोड्या प्रमाणातही मुलाला झटके येऊ शकतात. मधात क्वचित बोट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचे काही चालत नाही, पण वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. एक वर्ष पूर्ण झाल्यावर खोकल्यासाठी झोपताना थोडा मध द्यायला हरकत नाही. तो उपयोगीही पडतो. तोपर्यंत नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेत.

प्रश्न : मासिक पाळीच्या दुखण्यावर आले खरोखर उपयोगी आहे का?

उत्तर : आहे. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोज 750 ते 2000 मिलिग्रॅम सुंठपूड विभागून घेतल्यास वेदना कमी होतात, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. ओटीपोटावर सलग दिलेला सौम्य शेकही तितकाच दखल घेण्याजोगा आहे. एका चाचणीत तो आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीच्या तोडीचा ठरला होता. या दोहोंनी भागत नसेल, दुखणे दर महिन्याला वाढत असेल किंवा पाळी नसतानाही पोट दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकाराची, शक्यता तपासून घ्यावी. ‘पाळीत दुखायचेच’ या समजुतीपायी त्याचे निदान वर्षानुवर्षे लांबते.

प्रश्न : माझ्या आईची पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. ती अश्वगंधा, लसूण अर्क आणि ज्येष्ठमध घेते, शिवाय रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टर रागावतील म्हणून ती हे सांगायला तयार नाही. सांगणे खरेच आवश्यक आहे का?

उत्तर : अत्यंत आवश्यक आहे, आणि त्यांच्या यादीतील प्रत्येक नावाला कारण आहे. लसणीचा अर्क रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या बिंबाणूंचे (प्लेटलेट्सचे) एकत्र येणे कमी करतो, त्यामुळे शस्त्रक्रियेत रक्तस्राव वाढू शकतो. अश्वगंधेमुळे गुंगी आणणाऱ्या औषधांचा प्रभाव वाढण्याची शक्यता असते आणि थायरॉईडच्या संप्रेरकांची पातळीही बदलू शकते. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन रोज पोटात गेल्यास शरीरात मीठ आणि पाणी साचते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. म्हणजे एका हाताने रक्तदाबाची गोळी आणि दुसऱ्या हाताने तो वाढवणारे औषध, असा प्रकार आईंच्या बाबतीत चालू असू शकतो. अशी पूरक औषधे साधारणपणे शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी बंद करतात. नेमका दिवस भूलतज्ज्ञांनी ठरवावा. भेटीला जाताना तिन्ही डब्या पिशवीत घालून न्याव्यात. नावे आठवून सांगण्यापेक्षा ते सोपे पडते.

रागावण्याच्या भीतीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. डॉक्टरांच्या नेहमीच्या औषधांपैकी कित्येक झाडांतूनच आली आहेत. एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने 1763 साली विलो वृक्षाच्या सालीचा तापावर होणारा उपयोग लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवला, 1828 मध्ये त्या सालीतून सॅलिसिन वेगळे काढण्यात आले आणि 1897 मध्ये बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत आजचे ॲस्पिरिन तयार झाले. झाडाला औषधी सामर्थ्य आहे, हे वैद्यकशास्त्राला मान्यच आहे. म्हणूनच ते मात्रा विचारते. मात्रेइतकीच वनस्पतीची ओळखही महत्त्वाची असते. बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकियाची मुळी गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. 1993 साली हे प्रकरण उघडकीस आले. आईंचे डॉक्टर प्रश्न विचारतील ते या जाणिवेतून, आणि तरीही रागावलेच, तर ते भूल देण्याआधी रागावलेले बरे.

प्रश्न : पोटरी चार दिवसांपासून एकाच पायाची दुखते व थोडी सुजली आहे. निर्गुडीच्या तेलाने मालिश करावी का?

उत्तर : नाही. एकाच पोटरीची सूज आणि वेदना ही शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते आणि मालिशीने ती गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. आजच तपासणी करून घ्यावी. स्नायूंच्या साध्या आखडण्यावर निर्गुडीच्या तेलाने चोळायला माझी हरकत नसते.

प्रश्न : बद्धकोष्ठावर सोनामुखी बरी की इसबगोल?

उत्तर : रोजच्या वापरासाठी इसबगोल. त्याचा भुसा पाणी धरून ठेवतो आणि मल मऊ करतो. मात्र प्रत्येक वेळी पेलाभर पाण्यात ढवळून तो लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी प्यावे, अन्यथा तो घशात किंवा आतड्यात फुगून अडकू शकतो. गिळायला त्रास होत असेल तर तो घेऊच नये. इतर औषधे आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. सोनामुखी आतड्याला ढोसून काम करवून घेते, पोटात मुरडा आणते आणि दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील पोटॅशियम कमी करते, म्हणून ती आठवडाभराच्या आतच थांबवावी. मलात रक्त दिसले, वजन आपोआप घटले किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, तर दोन्ही बाजूला ठेवून आधी आतड्याची तपासणी करून घ्यावी.