ताळगावच्या मुलीला

फोंडा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी ताळगावहून पावसात भिजत आलीस आणि म्हणालीस, "सर, एकच शोधनिबंध लिहून थांबणाऱ्या साठ टक्क्यांतली मी." घर माणसांनी भरलेलं होतं, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

कोण किती शोधनिबंध लिहितं हे मोजणारा, गणिती आल्फ्रेड लोट्काचा १९२६ चा निबंध वाचलास, चांगलं केलंस. पण त्याने मोजलं काय, तेही बघ. रसायनशास्त्राच्या निबंधसूचीतली १९०७ ते १९१६ ही दहा वर्षं, त्यातही ए आणि बी या अक्षरांची आडनावं. एक निबंधवाले शंभर, तर दोनवाले साधारण पंचवीस, तीनवाले अकरा, असा उतार; तुझे साठ टक्के त्यातूनच येतात. आता सांग, ज्याने १९१५ मध्ये काम सुरू केलं, तो कुठे दिसेल? बहुधा एकच्याच रकान्यात; पुढे त्याने वीस लिहिले असले तरी. आणि ज्याचं काहीच छापून आलं नाही, तो सूचीत नाहीच. तो उतार समूहाचा आहे गं. संशोधनाच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलीचं भविष्य त्यात नाही.

तुला उपयोगी पडेल तो शॉकली, ट्रान्झिस्टरच्या शोधातला. १९५७ मध्ये त्याने मांडलं की निबंध हा गुणाकार असतो: चांगला प्रश्न सुचणं, त्यावर काम करता येणं, हाती लागलेल्याचं मोल ओळखणं, कुठे थांबून लिहायला बसायचं ते ठरवणं, नीट लिहिणं, टीकेतून शिकणं, निबंध पाठवण्याचा निर्धार, सुचवलेले बदल चिकाटीने करणं. या आठही बाबतींत कुणी दीडपट असला, तर एकूण पंचवीसपट पुढे जातो. करून बघ, दीडचा आठवा घात.

आणि म्हणूनच कच्च्या गुणाकडे बघ. ०.८ चा ०.९ केलास, तर फळ अष्टमांशाने वाढतं, ०.२ चा ०.४ केलास, तर दुप्पट. प्रश्न तुला छान सुचतात, मांडवीच्या गाळाचे नमुने तू जीव लावून घेतेस. पण थांबत नाहीस. दर पावसाळ्यात "अजून एक हंगाम मोजते" म्हणतेस, आणि मसुदा दीड वर्ष पडून आहे. मीही एक मसुदा असाच चार वर्षं ठेवला होता. तोवर तेच काम दुसरीकडे छापून आलं. ती हळहळ अजून जात नाही. तुझ्या वाट्याला ती येऊ नये.

चवथीला घरी जाण्याआधी मसुदा मला पाठव. आहे तसा. तिसरा तक्ता अर्धा असला तरी चालेल.

तुझे,
सर