फाउंड्री सांभाळायचीय, मग शिकू काय?

प्रिय मुली,

बारावी सायन्स झाली, सीईटी दिलीस आणि आता घरात तीन मतं. बाबा म्हणतात मेकॅनिकल कर, काका म्हणतात बीबीए करून ऑफिस बघ, आत्या म्हणते भट्टीपाशी पोरीचं काय काम. कोल्हापुरातल्या शिरोली एमआयडीसीतली तुमची फाउंड्री, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग (कास्टिंग) बनवायचा कारखाना, तुलाच पुढे चालवायचीय, हे तू ठामपणे लिहिलंयस. केमिस्ट्री आवडते, हे मात्र जाता जाता. माझ्या लेखी तेच सगळ्यात मोलाचं आहे.

कास्टिंगच्या धंद्यात पैसा झिरपतो तो रिजेक्शनमधून. एसजी आयर्नचंच बघ, म्हणजे आत ग्रॅफाइटचे गोळे असलेलं बीड. वितळलेल्या लोखंडाच्या रसात मॅग्नेशियम मिसळलं की पुढच्या काही मिनिटांतच तो साच्यात ओतावा लागतो. लॅडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, रेंगाळली की मॅग्नेशियमचा असर उतरतो, ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत. कास्टिंग वरून झकास दिसतं आणि गिऱ्हाइकाकडे तपासणीत नापास होऊन परत येतं. तोवर इंडक्शन भट्टीत टनामागे 600 युनिटच्या आसपास वीज जळून गेलेली असते. हा सगळा खेळ केमिस्ट्रीचा आहे, म्हणून मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, घे. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत ही शाखा आहे. नंबर नाही लागला तर मेकॅनिकल घे, मन खट्टू करू नकोस. बाबांचं काही चुकत नाही. ड्रॉइंग, पॅटर्न, मशिनिंग रोजच लागतं.

बीबीए आत्ता नको. पण काकांना वाटणारी काळजी खरी आहे. माल गेला, पैसे अडकले, ही लहान कारखान्यांची जुनी दुखरी नस. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावेत असं 2006 चा कायदा सांगतो, तरी वसुलीसाठी फोन करावेच लागतात. ते फोन, जीएसटी, कॉस्टिंग हे सुट्टीत तुमच्या अकाउंटंटशेजारी बसून शीक.

आत्यांना एवढंच सांग, की धग आणि धूळ बाईमाणूस बघून कमीजास्त होत नाही. सेफ्टी शूज आणि गॉगल सगळ्यांनाच लागतात.

डिग्रीनंतर लगेच बाबांच्या केबिनमध्ये बसू नकोस. दोनेक वर्षं दुसऱ्याच्या फाउंड्रीत नोकरी कर, शॉप फ्लोअरवर. मालकाच्या मुलीला तिची चूक तोंडावर कुणी सांगत नाही, ट्रेनीला सगळे सांगतात.

कॅप राउंडचे, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फेरीचे, पर्याय भरण्याआधी बाबांकडून गेल्या वर्षाचं रिजेक्शनचं रजिस्टर मागून घे. कुठल्या दोषापायी किती माल परत आला ते दोघं मिळून वाचा, आणि मगच फॉर्म भर.

तुझी,
ताई